चार नंबरची घरं

१

पाच लाख चाळीस हजार रुपये गेले, पण कुलूप तुटलं नाही, कौल हललं नाही, गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या वेलबाग पतसंस्थेत दोन हिशेब चालायचे. रोकडीची वही हातानं लिहायची, पिग्मीची जमा संगणकात ठेवायची, आणि दोन वर्षांतून एकदा दोन्ही शेजारी मांडून जुळवायच्या. २००४ च्या डिसेंबरात त्या मांडल्या, तर संगणकानं जमा म्हणून दाखवलेले एवढे पैसे तिजोरीत कधी आलेच नव्हते.

विजयमालाला हे कळलं बुधवारी दुपारी, दाराशी चपला काढताना. ती संस्थेची पिग्मी एजंट, नंबर चार. सकाळी कापडी पिशवी खांद्याला लावून निघायचं, दारोदारचे दहा-वीस रुपये गोळा करायचे, ज्याच्या त्याच्या कार्डावर आकडा मांडून सही करायची आणि दुपारी सगळं संस्थेत भरायचं. चौदा वर्षं तिनं ही वाट तुडवली होती. चालता चालता तिच्या ओठावर आपसूक काही जुळायचं, दळणाऱ्या बाईला जुळावं तसं.

दारामागं दार, दारी उभी मी पाहुणी
रुपया वेचिते, जशी दाणा चिमणी

आज ओठ कोरडे पडले होते. आतल्या खोलीत अध्यक्ष तात्यासाहेब बसले होते, हाताची घडी घालून. शेजारी मॅनेजर हंबीरराव, खाली मान घालून. संगणकावर काम करणारी दीपा भिंतीला टेकून उभी होती. आणि टेबलावर नवा संगणक मांडून बसला होता जिनेंद्र, पुण्याहून शिकून आलेला तरुण. तीन महिने तो संस्थेत येत होता. त्यानं एक प्रोग्राम बनवला होता. सगळे त्याला नुसतं ‘यंत्र’ म्हणायचे.

‘‘याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, काकू,’’ तो मऊ आवाजात म्हणाला. ‘‘यात मी नियम भरलेले नाहीत. चांगला हिशेब कसा दिसतो ते याला दाखवायचं. मग त्याहून वेगळं काही दिसलं की हा आपणहून बोट दाखवतो. बाहेरच्या देशात ऑडिटला हेच येतंय आता.’’

मग त्यानं पडद्यावरचं वाचून दाखवलं. तूट चार नंबरच्या नावावर होती. चार नंबरची खाती दोनशे बारा. त्यातली अठरा स्वच्छ. एकशे चौऱ्याण्णव संशयित.

विजयमालानं शेवटचा शब्द तेवढा ऐकला. तात्यासाहेबांनी तिच्याकडं न बघता सांगितलं, की शनिवारी पाच वाजता संचालक बसतील आणि उठून सरळ पोलीस ठाण्यात जातील.

 तिनं पाच लाख घेतले नव्हते, पण एक खोटं मात्र लिहिलं होतं. ते तिच्याशिवाय एकाच बाईला ठाऊक होतं. आणि आता ते यंत्राला दिसलं होतं.

२

बाहेर आल्यावर हंबीररावांनी तिला बाकावर बसवलं, स्वतः चहा आणून दिला. कोल्हापुरात मोठ्या आवाजाचीच माणसं फार, हा माणूस मात्र हळू बोलायचा, म्हणून त्याचं बोलणं खोल उतरायचं.

‘‘वैनी, पोलिसांत गेलं की संपलं बगा. पेपरात नाव. पोरीचं शिक्षण चाललंय. त्यापरीस कबुली लिवून द्या. घर तारण ठेवू, हप्त्यानं फेडा. तात्यासाहेबांस्नी मी सांभाळतो.’’

तिनं विचारलं, की यंत्राला नेमकं काय दिसलं ते मला दाखवता का. ते म्हणाले, कागद अध्यक्षांकडं आहे, आणि आपल्याला तरी संगणकातलं काय कळतंय.

घरी नवरा आण्णासो वह्यांना खळ लावत बसला होता. बाइंडिंगचं काम, बोटं कायम चिकट. तिनं सगळं सांगितलं. त्यानं हातातला ब्रश डब्यात ठेवला.

‘‘किती घेतलीस?’’ तो म्हणाला.

घेतलीस का, असं त्यानं विचारलं नाही. तेवढ्यानं विजयमालाचा धीर सुटला. ज्या माणसाशेजारी एकवीस वर्षं जेवली त्याला असं वाटतं, तर एकशे चौऱ्याण्णव घरांना काय वाटेल? कोपऱ्यात बसून मुलगी सोनम अभ्यासाचं पुस्तक उघडं धरून होती, पान मात्र उलटत नव्हती.

गुरुवारी सकाळी विजयमाला सही करायलाच संस्थेत गेली. कबुलीचा कागद हंबीररावांनी तयार ठेवला होता. तिनं पेन उचललं.

‘‘अक्का,’’ मागून आवाज आला. ‘‘सही करताय ती कशावर, तेवढं सांगा आधी.’’

दाराशी एक ठेंगणी बाई उभी होती. गडहिंग्लजच्या एसटीतून उतरून चालत आलेली, पायावर धूळ, काखेत फुगलेली पिशवी. ही ललिता कांबळे, सहकार खात्याच्या यादीवरची लेखापरीक्षक. पोलिसांत तक्रार द्यायची तर अशा कुणाचा तरी अहवाल लागतो, म्हणून तात्यासाहेबांनीच तिला बोलावली होती. शिक्का मारून दुपारच्या गाडीनं परत जाईल, अशी सगळ्यांची समजूत होती.

ललितानं कबुलीचा कागद वाचला, घडी केली आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

‘‘दोन दिवस हायत अजून,’’ ती म्हणाली. ‘‘घाई कुणाला हाय?’’

३

तिनं विजयमालाला खोलीतल्या कोपऱ्यात बसवून ठेवलं आणि एकेकाला बोलावलं. विजयमालाला वाटलं, मांजरानं उंदराला पंजाखाली धरून दुसरीकडं बघावं तसं हे चाललंय.

दीपा आली ती फणकाऱ्यानंच. संगणकाचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागं लिहिलेला असतो, सगळ्यांना माहीत आहे, असं तिनं सांगून टाकलं. ती पाचला घरी जाते. पुढं हंबीरराव असतात, तात्यासाहेब येऊन बसतात, हल्ली जिनेंद्रही असतो. कोण काय करतं ते तिला विचारू नये. चार नंबरविषयी विचारलं तेव्हा मात्र ती मनापासून तडकली.

‘‘ह्यांची यादी कधी सरळ नसती, मॅडम. एखाद्या दिवशी सगळी शून्यं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं दुप्पट. बाकीचे एजंट कसं, मागची तारीख घालून सारखं करून आणत्यात. ह्या बाई जसं येईल तसं लिव्हत्यात.’’

‘‘आणि ते वाईट?’’

‘‘मला टाइप करायला डोकं उठतं की.’’

जिनेंद्र आला तो दुखावलेला होता. त्याच्या प्रोग्रामवर विश्वास नसेल तर तसं सांगावं, म्हणाला. ललितानं त्याला शाळेतल्या मुलीसारखं विचारलं, की चांगला हिशेब कसा असतो हे यंत्राला कळलं कशावरून. तो खुलला. संस्थेनं नमुन्याची पन्नास खाती निवडून दिली होती. दोन वर्षांच्या नोंदी. ती शंभरदा, हजारदा यंत्रापुढून गेली, आणि त्यातून ते शिकलं. ललितानं मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं.

हंबीरराव सगळ्यांत शेवटी आले, बाई वाईट नाही, वेळ वाईट आली असेल, एवढंच म्हणाले. संगणकातलं आपल्याला कळत नाही, ते पोरांनी बघावं. रोकडीची वही मात्र आपल्या हातची, ती कुठंही उघडा. पाच लाख ही काय एका दिवसात जाणारी रक्कम नाही, असं म्हणत त्यांनी ती वही ललितापुढं सरकवली.

तात्यासाहेबांनी दारातूनच बजावलं. शनिवार, पाच वाजता. त्यांच्या कपाळावर घाम होता, डिसेंबरात. संस्था बुडाली तर त्यांचंही नाव जाणार होतं.

सगळे गेल्यावर ललितानं पिशवी आवरली.

‘‘उद्या तुमच्यासंगं येतो, अक्का. चार नंबरची सगळी घरं बघायची मला. एकही सोडायचं न्हाई.’’

 सगळी घरं म्हणजे तानाबाईचंही घर. आणि तानाबाईच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

४

शुक्रवारी सकाळी दोघी निघाल्या. बातमी पुढं धावली होती. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं दहाची नोट पुढं केली आणि परत खिशात घातली. क्लासच्या सरांनी आज सुट्टे नाहीत म्हणून सांगितलं. शिंपी मशीन थांबवून बघत राहिला. पिठाच्या गिरणीवाली धोंडुबाई पट्ट्याच्या आवाजात ओरडली, की चौदा वर्षं तुला भाकरीच्या टोपल्यातलं काढून दिलं बाई, ते खरंच गेलं का गं.

 विजयमालाची पिशवी रिकामी होती आणि खांद्याला जड लागत होती. ललिता मागून चालत होती, प्रत्येक दारापाशी यादीवर बारीक खूण करत होती. तिच्या चपलांचा आवाज विजयमालाला पोलिसाच्या बुटांसारखा वाटू लागला.

तानाबाईचं दार आलं. फुलांच्या पुड्या बांधून विकणारी म्हातारी. ती उठली, आणि विजयमालाच्या गळ्यातच पडली.

‘‘कोन म्हंतंय हिला चोर? मी दोन म्हैने दवाखान्यात पडलेली, मॅडम, पायाचं हाड मोडून. हिनं माझं खातं मरू दिलं न्हाई. रोजचं धा रुपय हिनं घातलं, हिच्या कमिशनमधनं.’’

झालं. विजयमाला उंबऱ्यावरच खाली बसली. मग तिनं सगळं ओतून टाकलं. मुदतीआधी खातं तुटलं तर तानाबाईचं व्याज बुडलं असतं. म्हणून कार्डावर तानाबाईकडून मिळाले असं लिहिलं, पैसे स्वतःचे घातले. नियमात बसत नाही हे ठाऊक होतं. यंत्रानं तेच धरलं असणार. आता जे काय व्हायचं ते होऊ दे.

 ललितानं पिशवीतून यंत्राचा छापील कागद काढला, लांबलचक, दोन्ही कडांना भोकं असलेला. उंबऱ्यावर पसरला. तानाबाईच्या खात्यावर बोट ठेवून खाली खाली सरकवत नेलं.

‘‘कुठले म्हैने?’’

‘‘जून, जुलै.’’

ललितानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग कागद तिच्यापुढं सरकवला.

‘‘बघा की. अख्ख्या खात्यात संशयाच्या खुणा हायत. जून-जुलैतच तेवढी एकही न्हाई. अक्का, तुम्ही खोटं लिहिलं तिथं हे यंत्र म्हणतंय स्वच्छ. खरं लिहिलं तिथं म्हणतंय संशय.’’

विजयमालाला त्यातलं काही कळेना. ललितानं खुणा दाखवल्या. प्रत्येक घराच्या खात्यात महिन्यातून एक दिवस शून्य, दुसऱ्या दिवशी दुप्पट. एका खुणेपासून दुसरी खूण एकोणतीस दिवसांवर, नाही तर तीस.

‘‘काल कॅलेंडर घेऊन बसलोतो,’’ ललिता म्हणाली. ‘‘आम्ही पोर्णिमेला विहारात जातो, त्यामुळं पोर्णिमा तेवढ्या मला पाठ. दोन पोर्णिमांच्या बरोब्बर मधी येतोय हा दिवस. कसला दिवस हाय?’’

विजयमालानं तारखांवरून नजर फिरवली. एवढी शिकलेली बाई हे काय विचारते, असं तिला वाटलं.

‘‘अमावस्या की. अमावस्येला घरातनं पैसा भाईर कोण देतंय? माझ्या वाटंवरची समदी पाळत्यात. दुसऱ्या दिवशी दोन दिसांचं देत्यात, मी तसंच लिव्हतो.’’

‘‘मग जून-जुलैत तानाबाईंच्या खात्यात अमावस्येलाही दहा रुपये कसे?’’

‘‘ते माझ्या पिशवीतलं. पिशवीला कसली आलीया अमावस्या.’’

ललितानं हळूच कागदाचं शेवटचं पान उलटलं. तिचा आवाज एकदम खाली गेला.

‘‘चार नंबरला अठरा खाती हायत, त्यांनी दोन वर्षांत एकही अमावस्या पाळलेली न्हाई. रोज पन्नास रुपये. ना कमी, ना जास्त. आजारपण न्हाई, लग्न न्हाई, गावची जत्रा न्हाई. आज सकाळपासनं त्यातलं एकही घर लागलं न्हाई. ती अठरा घरं दाखवा मला.’’

विजयमालानं नावं वाचली. एकदा, दोनदा. डोळ्यांपुढून चौदा वर्षांची दारं एकामागून एक सरकली.

‘‘ही माणसं मी बघितल्याली न्हाईत,’’ ती म्हणाली. ‘‘माझी घरं एकशे चौऱ्याण्णवच हायत, मॅडम.’’

५

त्या अठरा खात्यांचे फॉर्म दीपानं कपाटातून काढून दिले. पिवळ्या पडत चाललेल्या कागदांची चळत. प्रत्येकाच्या तळाशी, ‘खातेदारास मी ओळखते’ या ओळीखाली, सही होती.

‘‘सही कुणाची?’’ ललितानं विचारलं.

विजयमालानं एक बघितली, दुसरी बघितली. अक्षराची वळणं, शेवटचा झोका.

‘‘माझीच,’’ ती म्हणाली. 

दारात हंबीरराव उभे होते. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी लांब श्वास सोडला, आणि जड मनानं बोलावं तसं बोलले, की आता राहिलंच काय. खोटी माणसं उभी केली, आपल्याच सहीनं ओळख दिली, पैसे काढून नेले. हप्त्याचा विषयही संपला, आता थेट बेड्याच.

विजयमाला सांगू लागली, की वर्षाच्या सुरुवातीला सगळे एजंट कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर सह्या करून देतात. नवं खातं निघालं की एजंटाला शोधत बसायला नको, म्हणून. वर्षानुवर्षांची रीत आहे. गठ्ठा हंबीररावांच्याच खणात असतो. हंबीररावांनी शांतपणे दीपाकडं बघितलं आणि विचारलं, अशी काही रीत आहे का गं आपल्यात?

दीपानं मान खाली घातली. तिची नोकरी तिच्या गळ्याशी आली होती. 

आतापर्यंत विजयमालाला यंत्राची भीती वाटत होती. आता तिला त्या हळू आवाजाची भीती वाटली.  चौदा वर्षं हा माणूस तिला चहा पाजत होता.

ललितानं मात्र चळत सारखी केली, पेन्सिलीनं कागदाच्या कोपऱ्यात एक गुणाकार केला, त्याच्याकडं बघून ओठ मिटले आणि कागद उलटा ठेवला.

‘‘घरी जावा, अक्का,’’ ती म्हणाली. ‘‘जेवा. उद्या पाचला या.’’

‘‘आलो न्हाई तर?’’ विजयमालानं विचारलं.

‘‘तर ते खरं ठरंल.’’

६

शनिवारी पाच वाजता खोलीत सगळे होते. खिडकीबाहेर रिक्षा नेहमीसारख्या ओरडत होत्या. आण्णासो विजयमालाला सोडायला आला होता, तो दारातच उभा राहिला. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही आणि तो गेलाही नाही.

ललितानं उभ्यानंच सुरुवात केली. तिनं आधी गुणाकार वाचला. अठरा खाती, रोज पन्नास, दोन वर्षांत कामाचे दिवस सहाशे. पाच लाख चाळीस हजार. तूट रुपयाला रुपया तेवढीच. म्हणजे एकशे चौऱ्याण्णव घरांचा पैसा तिजोरीत पोहोचला होता, पूर्ण. या अठरांचाच कधी आला नाही. तो संगणकात नुसता लिहिला गेला, आणि मधूनमधून खरा पैसा म्हणून काढून नेला गेला.

तात्यासाहेब पुढं वाकले. त्यांनी विचारलं, की मग यंत्रानं त्याच अठरांना स्वच्छ कसं म्हटलं.

ललितानं अमावस्येचं सांगितलं. बायामाणसं त्या दिवशी पैसा देत नाहीत, हे दारोदार हिंडणाऱ्याला सांगावं लागत नाही. ज्यानं ही अठरा खाती लिहिली तो दारोदार हिंडत नव्हता. तो खुर्चीत बसून लिहीत होता. रविवार तेवढे सोडायचे एवढंच त्याला ठाऊक होतं.

हंबीरराव हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, बाई घरात बसूनबी लिवू शकत्यात की. तानाबाईचं लिवलंच न्हवं? गल्लीभर झालंय की.’’

 विजयमालानं डोळे मिटले. बाण बरोबर जागी लागला होता.

‘‘लिहू शकतात,’’ ललिता म्हणाली. ‘‘म्हणून मी अमावस्येवर थांबत न्हाई.’’ ती जिनेंद्रकडं वळली. ‘‘पावणं, तुमच्या यंत्राला चांगला हिशेब म्हणून पन्नास खाती दाखवली. ती संस्थेनं दिली म्हणालात. संस्थेला हात न्हाईत. कुणाच्या हातानं दिली?’’

जिनेंद्रनं बॅग उघडली. त्याला अजून कळलं नव्हतं. तो कागद शोधत होता, मुलानं गृहपाठ शोधावा तसा. सापडला. हातानं लिहिलेली यादी, निळी शाई. त्यानं ती टेबलावर ठेवली आणि वाचता वाचता त्याचाच चेहरा उतरत गेला.

अक्षर रोकडीच्या वहीचंच होतं.

‘‘संस्थेत तीन हजारांवर खाती हायत,’’ ललिता म्हणाली. ‘‘त्यातनं पन्नास निवडली, आणि ही अठराच्या अठरा त्यात आली. हंबीरराव, योगायोगाला पण काही सीमा असती.’’

‘‘नियमित होती, म्हणून दिली. आदर्श खाती.’’

‘‘नियमित होती हे बघितलं कुठं? ती तर संगणकातच हायत. आणि संगणकातलं तुम्हाला कळत न्हाई.’’

 पहिल्यांदाच हंबीररावांजवळ हळू आवाजसुद्धा नव्हता.

ललिता पुढं सांगत गेली, आता जरा थकून. तात्यासाहेबांनी यंत्र आणायचं ठरवलं तेव्हा ज्याला त्याची खरी भीती वाटली तो एकच माणूस होता. म्हणून त्यानं यंत्राला आधीच आपलं खोटं शिकवून ठेवलं, हेच खरं म्हणून. यंत्र आज्ञेतलं निघालं. अमावस्या न पाळणारं, न आजारी पडणारं, न चुकणारं ते स्वच्छ, आणि माणसाच्या हातचं ते सगळं संशयाचं, असं ते शिकलं. बाकीचे एजंट तारखा सारख्या करून आणायचे, ते सुटले. जसं आलं तसं लिहिणारी एकटी बाई सापडली. त्याला ती हवीच होती, कारण खोटी खाती तिच्याच नंबरात पुरली होती.

भिंतीपाशी दीपा होती. ती कुणाकडंही न बघता बोलली.

‘‘कोऱ्या फॉर्मांची चळत हंबीरराव सायबांच्या खणात असती. वरनं दुसऱ्या खणात. आत्ता पण हाय.’’

तात्यासाहेब स्वतः उठले. त्यांनी खण ओढला. सहा एजंटांच्या सह्यांचे कोरे फॉर्म त्यांच्या हातात आले. त्यांनी ते एकेक करून टेबलावर मांडले.

हंबीरराव खुर्चीत लहान होत गेले. शेअर पडले, एवढंच म्हणाले. मे महिन्यात सगळे शेअर पडले. भरून टाकणार होतो.

जिनेंद्रनं संगणक बंद केला. पडदा काळा झाल्यावरही तो त्याच्याकडं बघत बसला. ‘‘ते खोटं बोललं नाही,’’ तो स्वतःशीच पुटपुटला. ‘‘मीच विचारलं नाही, शिकवतंय कोण.’’

७

पोलीस आले, हंबीररावांना घेऊन गेले. विजयमाला जिन्यात ललितापाशी थांबली. बोलायचं खूप होतं, पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. तानाबाईचं अहवालात येईल का, असं तिनं विचारलं.

‘‘येणार, अक्का. मला ते लपवता यायचं न्हाई. कार्डावर खोटी नोंद केली, लिहावं लागंल. का केली तेही लिहितो.’’ ललितानं पिशवी काखेत सारली. ‘‘एका म्हैन्याचं कमिशन कापतील बहुतेक. कोऱ्या फॉर्मावर सही मात्र परत कधी करू नका.’’

गडहिंग्लजची गाडी गाठायची होती. ती वळून बघायला थांबली नाही.

आण्णासो जिन्याच्या तळाशी होता. घरापर्यंत दोघं चालत गेले. त्यानं सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलायचा प्रयत्न केला आणि ते त्याला जमलं नाही. विजयमालानं त्याला मदत केली नाही.

सोमवारी ती निघाली. पिशवी तीच, वाट तीच. पहिलं दार धोंडुबाईचं. गिरणी चालू होती, पिठाचा धुरळा उडत होता. धोंडुबाईनं तिला बघितलं आणि पट्टा थांबवला. एवढी शांतता विजयमालानं त्या गिरणीत कधी ऐकली नव्हती.

धोंडुबाईला वाचता येत नव्हतं. चौदा वर्षं ती कार्ड न बघताच पुढं करायची. आज तिनं आतून सुनेला हाक मारली.

‘‘शिवानी, हितं ये. कार्डावरचं समदं वाच. पैल्यापासनं.’’

सून वाचू लागली. तारीख, दहा. तारीख, दहा. तारीख, शून्य. धोंडुबाई बोटांवर मोजत होती, मध्येच थांबवून म्हणत होती, व्हय, तवा अमावस्या हुती, फुडं वाच. विजयमाला उभी राहिली. बसायला कुणी सांगितलं नाही. बाहेर उन्हं वर सरकली, दळण घेऊन आलेल्या दोन बायका दाराशी थांबून ऐकू लागल्या. दोन वर्षांचं कार्ड होतं. तिनं शेवटच्या आकड्यापर्यंत पाय हलवला नाही.

सून थांबली. धोंडुबाईनं पिठानं पांढरी झालेली बोटं पदराला पुसली, कनवटीची दहाची नोट काढली आणि विजयमालाच्या हातावर ठेवली.

‘‘माझ्यासमोर लिव्ह,’’ ती म्हणाली.

विजयमालानं लिहिलं. तारीख, दहा, सही. कार्ड परत दिलं, नोट पिशवीत टाकली आणि दाराबाहेर आली. तिच्यापुढं अजून एकशे त्र्याण्णव दारं होती, आणि प्रत्येक दारात आज कार्ड वाचलं जाणार होतं.

तिनं पिशवी सारखी केली आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.